दारामागची चावी

व्यंकटराव संध्याकाळी जागेचा इसार द्यायला येणार होते, आणि सरजाबाईनं अजून हो म्हटलं नव्हतं.

सगळ्यांचं विचारून झालं होतं. थोरल्या सिद्धोधननं परभणीहून फोनवर विचारलं, धाकट्या नागसेननं पिंगळीची शाळा सुटल्यावर मुद्दाम येऊन विचारलं, थोरल्या सुनेनं, नीलमनं, मेथी निवडता निवडता विचारलं. म्हातारीचं सगळ्यांना एकच उत्तर. "बसून बोलू. सत्याला येऊ द्या." आज मुलगी सत्यशीला मानवतहून सकाळच्या एसटीनं आली होती, बरोबर तिची लेक संघप्रिया. आता बसून बोलण्यावाचून कुणाची सुटका नव्हती.

पूर्णेत स्टेशनच्या मागं कुणालाही विचारा, लिंबाजीची लाइन कुठं, तो हात करून दाखवील. एका रांगेत सात खोल्या, पुढं लांबच्या लांब ओटा, टोकाला बदामाचं झाड. जयंतीच्या निळ्या पताका अजून ओट्यावरच्या तारेला होत्या, त्या उतरवायचं काम दरवर्षी सरजाबाईच्या नवऱ्याचं, लिंबाजीचं असायचं. तो माघात गेला. पताका तशाच राहिल्या.

लिंबाजी रेल्वेत चावीवाला होता. रूळ जागेवर घट्ट धरून ठेवणारा वीतभर लोखंडी तुकडा, त्याला चावी म्हणतात. त्या चाव्या सैल झाल्यात का ते बघत रुळावरून मैलोगणती चालायचं आणि सैल दिसली की हातोडीनं ठोकायची, ही त्याची नोकरी. लाइनीतल्या प्रत्येक खोलीत दारामागं त्यानं अशी एकेक चावी भिंतीत ठोकून खुंटी केली होती. भंगाराच्या लिलावातून रीतसर घेतलेल्या जुन्या चाव्या बरं का. रेल्वेचा एक खिळा फुकट घरी आणला तर हात झडतील म्हणायचा. "भाडेकरू येतो तवा त्याच्याकडं काय असतंय? एक पिशवी. ती टेकवायला जागा पायजे आदी," असं त्याचं म्हणणं.

पहिली खोली सरजाबाईची. सिद्धोधन आत आला, त्यानं न बघताच हात मागं नेला, पिशवी दारामागच्या चावीला अडकवली आणि खाली सतरंजीवर बसला. बँकेतला साहेब झाला, केस पांढरे झाले, पण या खोलीत आला की हात आपोआप मागं जायचा.

"माय, मी भावनेवर बोलत नाही," तो म्हणाला. "सरळ व्यवहाराचं बोलतो. रेल्वेची माणसं आता इथं खोली करत नाहीत. नांदेडला राहतात, परभणीला राहतात, गाडीनं येतात, गाडीनं जातात. दोन खोल्या दिवाळीपासून खाली पडल्यात. पत्रे गळायलेत. दुरुस्ती करायची म्हटलं तर वर्षाचं भाडं त्यातच जातंय. आणि व्यंकटरावांना जागा हवी आहे ती आज. उद्या ते दुसरीकडं गोडाऊन बांधतील, मग ही जागा कोण विचारतंय?"

"आन् घाई कशाची हाय?" सरजाबाई म्हणाली. "तुजा बाप म्हनायचा, घेताना घाई करू नाई, इकताना तर करूच नाई."

"आबा अजून एक म्हणायचे." सिद्धोधन बापाची वाक्यं पाठ असणारा पोरगा होता, आणि आज तीच वाक्यं बापाच्या लाइनीवर चालवायला निघाला होता. "जागा घेताना आजचं बघू नको. लेकराचं लेकरू तिथं राहील का ते बघ. म्हणायचे की नाही? मग सांगा मला. आमच्यातलं कुणाचं लेकरू इथं येऊन राहणारे?"



"मी रायते की," सरजाबाई म्हणाली.

"तू आमच्याकडं चल. किती दिवस म्हणतोय."

नागसेन मान हलवत होता. त्याला दादाचं पटलं होतं, आणि पटण्याचं खरं कारण त्याला स्वतःलाच आवडत नव्हतं. पिंगळीत भाड्यानं राहून राहून त्याची बायको बेजार झाली होती. वाटा हातात आला असता तर परभणीत स्वतःचं दार झालं असतं. तो मास्तर माणूस, वर्गात पोरांना खरं बोला म्हणायचा. इथं मात्र म्हणाला, "पत्र्यांचं खरंच अवघड झालंय, माय."

"पत्र्याचं नको सांगू," सत्यशीला म्हणाली. "तुला वाटा पायजे, म्हण की सरळ."

"मग काय गुन्हा झाला का, अक्का? तुला नको का वाटा?"

"मला लागतो. माझ्याइतकी गरज तुमा दोघांत कुणालाच न्हाई." तिनं हे चिडून नाही, थकून म्हटलं. नवरा गेल्यापासून अंगणवाडीच्या पगारावर तिनं दोन लेकरं शिकवली होती. "पण सही करायचं म्हटलं की मला आबा पावसात उभे दिसतात. काय करू?"

हे खरं होतं. ही जागा घ्यायच्या आधी लिंबाजी दोन पावसाळे इथं येऊन उभा राहिला होता, अंगावर पोतं घेऊन. पाणी कुठून येतं, कुठं तुंबतं, कुठं जातं ते बघत. लोक हसायचे, नाल्याच्या काठची जागा घ्यायला निघालंय येडं. मग त्यानं बाकीच्यांपेक्षा कमरेइतकं उंच जोतं बांधलं, आणि पुढं एका साली नदीचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा सगळी गल्ली लिंबाजीच्या ओट्यावर येऊन बसली. सत्यशीला तेव्हा लहान होती. हसणाऱ्यांच्या बायकांना आईनं चहा करून दिला, हे तिला चांगलं आठवत होतं.

"आन् नर्मदाबाई कुठं जाईल?" तिनं विचारलं. "चौथ्या खोलीत म्हातारी झाली ती."

"तिच्यासाठी बघू ना काहीतरी. तिचे कुणी नातेवाईक—"

"कोण नातेवाईक? तिचं आडनाव तरी मालूम हाय का तुला?"

 त्याला माहीत नव्हतं. लाइनीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण लिंबाजीचा कायदाच तसा होता. भाडेकरूला कुठून आलास विचारायचं, काय काम करतोस विचारायचं, दारू पितोस का तर दोनदा विचारायचं. आडनाव विचारायचं नाही. तो स्वतः नोकरीला लागून पूर्णेत आला तेव्हा एका घरमालकानं त्याला खोली दाखवली, ट्रंक आत ठेवू दिली, पाणी पाजलं आणि मग आडनाव विचारलं. लिंबाजीनं खिल्लारे सांगितलं, गाव सांगितलं, गावात घर कोणत्या बाजूला तेही सांगितलं. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. ट्रंक उचलून तो प्लॅटफॉर्मवर आला आणि तिथंच झोपला. लाइन त्या दिवशीच बांधून झाली होती, विटा नंतर लागल्या, असं तो म्हणायचा.

सिद्धोधननं पुढं आडनाव बदलून पूर्णेकर केलं तेव्हाही बाप रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तुजं बदल. दुसऱ्याचं इचारू नको."

नीलम दारापाशी बसून सगळं ऐकत होती. ती या घरात नांदायला आली तेव्हापासून तिनं एक गोष्ट पाहिली होती, की सिद्धोधन बापाशी भांडत नाही, बापापासून लपवतो. आता तो कुठं वळणार हे तिला कळलं होतं. ती डोळ्यांनी त्याला नको नको म्हणत होती. पण वाद हातातून निसटायला लागला की माणूस हुकमाचं पान टाकतोच.

"ऐका," सिद्धोधन म्हणाला. "मला वाटलं नव्हतं आज सांगावं लागेल. मी परभणीत एक फ्लॅट घेतलाय. झाली तीन वर्षं."

"फ्लॅट?" नागसेन उडालाच. "आन् आमाला आज सांगायलास?"

"आबांना आवडलं नसतं म्हणून बोललो नाही. त्यांच्या मते फ्लॅट म्हणजे हवेत घेतलेलं घर. खाली जमीन नाही, वर आभाळ नाही." तो थोडं हसला. "पण बघा, एक दिवस खाली नाही राहिला. एजंट सगळं बघतो. भाडेकरू गेला की दुसरा तयार. पत्रे नाहीत, नाला नाही, रात्री-बेरात्री पाण्याची मोटार बिघडली म्हणून कुणाची हाक नाही. लांबचा विचार करायचा तर असा करावा लागतो. लाइन विकून आपण तिथंच अजून दोन घेऊ, एक नागसेनला, एक अक्काला. माय माझ्याजवळ."

नीलमनं मान खाली घातली. "मी म्हणत होते सांगा म्हणून," ती हळूच म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाच ठाऊक.

सरजाबाईला फ्लॅटचं वाईट वाटलं नाही. पोरानं घर घेतलं, चांगलं केलं. वाईट याचं वाटलं की लिंबाजीला दाखवलं नाही. दुसऱ्याचं घर बघायलासुद्धा हौसेनं जाणारा माणूस. गच्चीवर तांब्याभर पाणी ओतायचा आणि ते कुठं वाहतंय ते बघत उकिडवा बसायचा. पोराच्या घरात किती बसला असता!

"कुठं हाय रं घर?" तिनं विचारलं.

"दवाखान्यांच्या गल्लीच्या मागं. रम्यछाया म्हणून बिल्डिंग आहे. मोक्याची जागा, नर्सा-डॉक्टर सगळे तिथंच शोधतात."

संघप्रिया ओट्याकडच्या कोपऱ्यात लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसली होती. मोठ्यांच्या बोलण्यात पडायचं नाही म्हणून इतका वेळ तोंड मिटून होती. ती परभणीत एका दवाखान्यात नर्स, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. नवरा धम्मानंद छत्रपती संभाजीनगरला कंपनीत, आणि ही मानवतहून रोज एसटीनं ये-जा करायची. तिची विळी थांबली.

"कितवा मजला, मामा?"

"तिसरा. का गं?"

"जिन्यासमोरचं दार? आत गेलं की उजव्या हाताला स्वयंपाकघर?"

"हो. तू बघितलंस की काय?" सिद्धोधनला उगीच बरं वाटलं. "अगं मग बोलायचंस ना, मी—"

"स्वयंपाकघराच्या दारामागं खुंटी हाय. लोखंडाची."

सिद्धोधन तिच्याकडं बघत राहिला. ती खुंटी त्यानंच ठोकली होती. घराचा ताबा मिळाला त्या दिवशी त्यानं पूजा केली नाही, कुणाला बोलावलं नाही, नुसतं बापाच्या डब्यातून उचललेली एक जुनी चावी खिशातून काढली आणि स्वतःच्या हातानं भिंतीत बसवली. बापाला घर दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून बापाची चावी घरात नेली. हे त्यानं नीलमशिवाय कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"तू तिथं कशाला गेली होतीस?" सत्यशीलानं लेकीला विचारलं.

"मम्मे, मी सांगितलं होतं ना. पौषात. आबाला घेऊन घर बघायला गेले होते ते."

"ते? पण तू तर म्हणालीस त्यांनी डिपॉझिट लय मागितलं."

"आबानंच तसं सांग म्हणलं होतं."

 बाहेर कुणीतरी नळाखाली हंडा लावला.

"नीट सांग," सरजाबाई म्हणाली. "सुरवातीपासून सांग."

संघप्रियानं हात पदराला पुसले. "आबा म्हणले, तू घर करायलीस तर मी बघून देतो. सगळं बघितलं त्यांनी. नळ सोडून धार बघितली. गच्चीवर जाऊन पाणी ओतलं. भिंतीला कान लावला. लय खूश होते. म्हणले, घे, डोळे झाकून घे, बाळंतपणाला सुद्दा इथंच राहता येतंय. मग तो एजंट म्हणला, नाव सांगा. मी सांगितलं. आडनाव काय म्हणला. मी साळवे सांगितलं." ती थांबली. "मग म्हणला, म्हणजे जयभीमवाले का?"

"मंग?" नागसेनचा आवाज बदलला होता.

"आबा म्हणले, हो, जयभीमवाले. खणखणीत म्हणले. तर तो म्हणला, वाईट वाटून घेऊ नका काका, माझं काही न्हाई, पण मालक बँकेत मोठे साहेब हायेत. त्यांना चालत न्हाई."

नागसेन उठून उभा राहिला. बसून ऐकण्यासारखं नव्हतंच ते. "दादा," तो म्हणाला, "तू सांगितलं होतंस का असं?"

"मी असं कधीच म्हणालो नाही," सिद्धोधन म्हणाला.  "मी फक्त म्हणालो होतो, सोसायटीत चालतील अशी माणसं बघा. एवढंच. तिथं सगळे… त्यांना मी कोण ते माहीत नाही. पूर्णेकर म्हणजे त्यांना वाटतं… मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घर मिळालं असतं का मला? तूच सांग, मिळालं असतं का?"

"म्हणून आमच्या पोरीला मिळू दिलं न्हाईस."

"मला माहीत नव्हतं रे ती होती!"

"आन् दुसऱ्याची असती तर?" सत्यशीला म्हणाली. "दुसऱ्याची असती तर चाललं असतं?"

 नीलम रडायला लागली. ती नवऱ्याजवळून उठून सासूच्या पलीकडं जाऊन बसली, आणि सिद्धोधननं ते पाहिलं.

त्याला आठवत होतं. हे मात्र तो मेला तरी कुणाला सांगणार नव्हता. पौषातल्या त्या दुपारी एजंटचा फोन आला होता. साहेब, एक पार्टी आलेली, कटवली. बरोबर एक म्हातारा होता, लय डोकं खाल्लं त्यानं, गच्चीवर पाणी ओतून बघत बसला. सिद्धोधन हसला होता आणि बरं केलं म्हणाला होता. मग फोन खाली ठेवून तो बराच वेळ नुसता बसला. सगळ्या परभणी जिल्ह्यात घर बघताना गच्चीवर पाणी ओतणारा माणूस एकच होता. त्याच्या मनात ते आलं होतं. आलं होतं, आणि त्यानं ते घालवून दिलं होतं, कारण ते खरं धरलं असतं तर उठून पूर्णेला जावं लागलं असतं. जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करता करता माघ उजाडला आणि तो लिंबाजीला खांदा द्यायला आला.

"माय," तो म्हणाला, "काहीतरी बोल."

सरजाबाई भिंतीवरच्या लिंबाजीच्या फोटोकडं बघत होती. चष्मा काढून तिनं लुगड्याच्या काठाला पुसला, परत घातला. तिचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे.

"जल्मभर चालला रं तो," ती म्हणाली. "ऊन म्हनला न्हाई, पाऊस म्हनला न्हाई, रुळावरून चालला. तुझ्या फीचे पैसे भरायचे म्हनून सुट्टीच्या दिवशीबी दुसऱ्याच्या बदल्यात चालला. आन् तुझ्या घरात चालला न्हाई व्हय?"

"माय, नको ना…"

"मला तिथं चल म्हनायलास. मी चालंन का?"

सिद्धोधननं तोंड ओंजळीत घेतलं. पन्नाशीचा माणूस, आईसमोर लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. सत्यशीलाला त्याचा राग आला होता, अजूनही होता, पण तिचा हात त्याच्या पाठीवर गेला. शेवटी पाठचा भाऊ. नागसेन दाराबाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. पिंगळीच्या भाड्याच्या घराचं दार त्याच्या डोळ्यांपुढं आलं. तिथंही घरमालकानं पहिल्या दिवशी आडनाव विचारलं होतं, आणि त्यानं मान खाली घालून सांगितलं होतं. मिळालं घर, पण पाण्याच्या टाकीला हात लावायचा नाही या बोलीवर. हे त्यानं आबाला कधी सांगितलं नव्हतं. दादा एकटाच लपवत होता असं नव्हतं.

थोड्या वेळानं सरजाबाईनं सगळ्यांना परत बसवलं.

"आता मी सांगते," ती म्हणाली. "मघा तू इचारलंस, इथं कोन रानार. रेल्वेची मानसं येईनात म्हनलास. खरं हाय. पर तुझ्या बापानं ही लाइन रेल्वेच्या मानसासाठी बांदली नव्हती. ज्यास्नी कुनी खोली देईना त्यांच्यासाठी बांदली. त्यो म्हनायचा, आसली मानसं हायेत तवर माझी खोली खाली पडायची न्हाई. मला वाटायचं, संपली आसतील आता आसली मानसं. पोरं शिकली, साहेब झाली." तिनं संघप्रियाकडं हात केला. "कुठं संपली? ही बघ की. माझ्या लेकीची लेक. आन् नागसेन, तूबी सांग, तुझ्या बायकोनं मला सांगितलंय टाकीचं."

नागसेननं मान वर केली नाही.

"लाइन इकायची न्हाई. पत्रे गळत्यात तर पत्रे बदला. दोन खोल्या खाली हायेत. एकीत ही रायील. पूर्नेवरून परभनी काय लांब न्हाई, गाडीनं जाईल, गाडीनं येईल. दुसरी ज्याला कुनी देईना त्याला."

"आन् मी, माय?" सिद्धोधननं विचारलं. "मी काय करू?"

"ते मला इचारू नको. तुजं घर हाय. दारावर कोनाचं नाव लावायचं आन् कोनाला आत घ्यायचं, ते तुजं तू बघ."

व्यंकटराव उन्हं उतरल्यावर आले. चांगला माणूस होता, मानवतच्या आडतीतला, गोड बोलणारा. ओट्यावर बसून पाणी प्याला, बदामाच्या झाडाला किती वर्षं झाली विचारलं. आतून कुणी उठेना. शेवटी सिद्धोधनच बाहेर गेला.

"नाही जमणार, व्यंकटराव."

"म्हणजे? अहो साहेब, परवा तर तुमीच म्हणलात, मायला मी पटवतो म्हणून!"

"परवा म्हणालो होतो."

"भाव असा कायम राहत नसतो. नंतर पस्तावाल, बरं का."

"हो," सिद्धोधन म्हणाला. व्यंकटरावांची गाडी गल्लीबाहेर गेली तरी तो ओट्यावर उभाच होता. मग त्याची नजर वर गेली. त्यानं स्टूल आणलं, त्यावर चढला आणि जयंतीच्या पताका एकेक करून सोडवायला लागला. कापड उन्हानं विटून पांढरट झालं होतं.

पताकांची घडी घालून तो पिशवी घ्यायला आत आला तेव्हा खोलीत संघप्रिया एकटीच होती, चिरलेल्या कैऱ्यांना मीठ लावत. त्यानं दारामागं हात नेला. पिशवी काढली, पण हात चावीवरून निघेना.

"संघे," तो म्हणाला. "आबांना कळलं होतं का?"

तिनं अजून मूठभर मीठ घेतलं.

"खरं सांग मला."

"आत गेल्या गेल्या त्यांनी पिशवी दारामागं अडकवली होती," ती म्हणाली. "बघितलं पण न्हाई कशाला अडकवली ते. इथं अडकवतात तशीच. मग एजंट न्हाई म्हणला, आन् आमी निघालो, तर आबा पिशवी घ्यायला परत आत गेले. बराच वेळ बाहेर येईनात. मी बघायला गेले. पिशवी खांद्याला होती आन् खुंटी हातात धरून उभे होते. हलवून बघायलेत, चावी बघतात तसं."

"काही म्हणाले?"

"मला म्हणले, चल, आन् घरी काही सांगू नको." तिनं मिठाचा हात तसाच धरला होता. "जिन्यात म्हणले, पोरानं लय मजबूत बसवलीय. मला वाटलं, गवंड्याच्या पोराला म्हणायलेत."